एकात्मिक कीड व्यवस्थापन पुढे कुठं चाललंय: तुम्ही वारंवार विचारलेले प्रश्न

आयपीएमवर (म्हणजे एकात्मिक कीड व्यवस्थापनावर) काहीही लिहिलं की पाठोपाठ तेच तेच प्रश्न येतात, आणि येणं बरोबरच आहे कारण विषय गुंतागुंतीचा आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

1. आयपीएम म्हणजे सेंद्रिय शेतीच ना? फक्त नाव वेगळं?

नाही. सेंद्रियमध्ये कृत्रिम रासायनिक औषध सहसा चालत नाही, आयपीएममध्ये चालतं, पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि तोही शेतात मोजणी करून. आधी वाण, पेरणीची वेळ, फेरपालट, शेतातली स्वच्छता, मित्रकीटक, सापळे. एवढं करून कीड ठराविक पातळीच्या वर जायला लागली तर औषध, तेही मित्रकीटकांना कमीत कमी मारणारं.

ही कल्पना नवीन नाही. 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी ती नीट मांडली. डीडीटीचा जमाना जोरात होता आणि औषध मारूनही किडी परत येताना त्यांना दिसत होत्या. म्हणजे आज आपण ज्याला भविष्य म्हणतोय त्याचा पाया साठ-पासष्ट वर्षं जुना आहे, फक्त तो पाळला फार कमी ठिकाणी गेला.

2. कीड डोळ्याला दिसतेय तरी थांबायचं? हा थ्रेशोल्ड प्रकार मला पटत नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिकाला थोडं नुकसान सहन होतं. काही पिकं सुरुवातीच्या वाढीत पानं खाल्ली गेली तरी भरून काढतात, उत्पादनात फरक पडत नाही. किडीमुळे होणारं नुकसान आणि फवारणीचा एकूण खर्च जिथं सारखा होतो ती आर्थिक नुकसान पातळी. तिथं पोचेपर्यंत थांबलो तर उशीर होतो, कारण औषध आणायला, मारायला, लागू पडायला वेळ जातो. म्हणून त्याच्या थोडं खाली एक इशाऱ्याची पातळी ठरवलेली असते, ती म्हणजे थ्रेशोल्ड. उदाहरण द्यायचं तर कापसाच्या गुलाबी बोंडअळीसाठी भारतात कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा) एका रात्रीत 8 पतंग, असं सलग 3 रात्री, ही पातळी धरतात. एक पतंग सापडला म्हणून पंप उचलायचा नाही आणि तीस सापडेपर्यंत झोपायचंही नाही.

दुसरं म्हणजे दिसणारी कीड जिवंत असेलच असं नाही. माव्याने भरलेलं पान उलटं करून साध्या भिंगातून बघा. हिरव्या माव्यात काही फुगलेले, सोनेरी-तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतील, हलत नाहीत, आणि काहींच्या पाठीवर सुईने पाडल्यासारखं गोल भोक असतं. ते मेलेत. एका बारीक गांधीलमाशीने आत अंडं घातलं, तिची अळी आतून खाऊन वाढली आणि माशी बनून त्या भोकातून बाहेर पडली. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते पान तासभर हातातच ठेवलं होतं. अशा मम्या आठवड्याला वाढत असतील तर काम चालू आहे, त्या दिवशी फवारणी केली तर तुम्ही आधी तुमचेच मजूर मारता.

थ्रेशोल्ड कुठं चालत नाही ते 14 मध्ये.

3. फवारल्यावर कीड आणखी वाढली. औषध बनावट असेल का?

असू शकतं, पण औषध चांगलं असतानाही असं होतं. भातावरच्या तपकिरी तुडतुड्याचं उदाहरण बघा. त्याची अंडी पानाच्या खोडाला लपेटलेल्या भागाच्या आत असतात, तिथं बरीच औषधं पोचत नाहीत. बाहेर फिरणारे कोळी आणि मिरीड ढेकूण मात्र मरतात, आणि तेच त्या तुडतुड्यांना खात होते. आठवड्याने अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना खायला शेतात कोणीच नाही.

इंडोनेशियात हे देशपातळीवर झालं. औषधावर मोठं अनुदान होतं, लोक भरपूर मारत होते आणि तुडतुडे वाढतच होते. 1986 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून भातावर 57 कीटकनाशकांना बंदी घातली, अनुदान टप्प्याटप्प्याने काढून टाकलं आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या, म्हणजे शेतातच बसून कीड आणि मित्रकीटक मोजायला शिकवलं. औषध कमी झालं तरी भात कोसळला नाही. आयपीएमबद्दल कोणाला शंका असेल तर मी आधी ही गोष्ट सांगतो.

4. दरवेळी कंपनी बदलतो तरी लागू पडत नाही. प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच का?

बहुतेक हीच. किडीच्या लाखोंच्या संख्येत काही आधीपासूनच औषध पचवणारे असतात, बाकीचे मेले की त्यांचीच पिढी वाढते. अमेरिकेतल्या मेलँडरनी फळझाडांवरच्या खवले किडीबद्दल 1914 मध्येच हे लिहून ठेवलं होतं. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा आज 50 पेक्षा जास्त घटकांना दाद देत नाही.

खरी चूक अशी होते की आपण डब्यावरचं नाव बदलतो, गट बदलत नाही. कीटकनाशकं कीटकाच्या शरीरात कुठं मारा करतात त्यावरून त्यांचे नंबर ठरलेले आहेत, ते आयआरएसी नावाची संस्था ठरवते आणि बऱ्याच लेबलांवर छापलेले असतात. चार वेगवेगळे डबे आणि चारही एकाच गटाचे, असं सर्रास असतं. किडीच्या एका पिढीला एक गट, पुढच्या पिढीला दुसरा, एवढं पाळलं तरी औषधाचं आयुष्य वाढतं. दोन-तीन औषधं मिक्स मारणं हा उपाय समजू नका, त्यात बऱ्याचदा एकच गट दोनदा जातो.

5. जैविक औषधाला तर प्रतिकारशक्ती येत नाही ना?

येते. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने बीटी जिवाणूच्या फवारणीला शेतातच प्रतिकार मिळवल्याची नोंद हवाईमधून 1990 मध्ये झाली. जैविक म्हणून दर चार दिवसांनी तेच मारत राहिलं तर निसर्ग तोच नियम लावतो.

आणि जैविक फेल गेलं असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा वापरण्यात चूक असते. बीटी पोटात गेल्याशिवाय काम करत नाही आणि लहान अळीवर चांगलं चालतं, मोठ्या अळीवर मारून उपयोग नाही. एनपीव्ही हा अळ्यांना रोग लावणारा विषाणू उन्हात खराब होतो म्हणून संध्याकाळी मारायचा. किडीला मारणारी बुरशी फवारत असाल तर हवेत ओल हवी आणि आसपास बुरशीनाशक नको.

6. पुढचा जमाना एआय आणि ड्रोनचा म्हणतात, मग शेतात फिरायची गरज संपणार?

माझं स्पष्ट मत आहे की संपणार नाही, उलट बघणाऱ्या माणसाची किंमत वाढेल.

काय चांगलं येतंय ते आधी सांगतो. कॅमेरा असलेले कामगंध सापळे आलेत, रोज रात्री फोटो काढून पतंग मोजतात आणि मोबाईलवर आकडा पाठवतात. यात मला खरा दम वाटतो कारण मोजणी हाच आयपीएमचा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि तिथंच लोक सोडून देतात. तापमानावरून किडीची पुढची पिढी कधी निघेल याचं गणित करता येतं, कीटकाचं शरीर थंड रक्ताचं असल्यामुळे त्याची वाढ उष्णतेवर चालते, आणि हवामानाचा डेटा स्वस्त झाल्यावर ते गणित गावागावात पोचू शकतं. ड्रोनने ट्रायकोग्रामा या बारीक परोपजीवी माशीची अंडी टाकता येतात (तिच्याबद्दल 10 मध्ये), उंच पिकात माणूस शिरत नाही तिथं फार उपयोगी.

आता अडचण. सापळ्यात नर पतंग येतात. अंडी किती, अळ्या किती, त्यातल्या किती परोपजीवी माशीने आधीच पकडल्यात, हे सापळा सांगत नाही. वरून काढलेल्या फोटोत पिवळा पट्टा दिसतो, तो किडीचा की पाण्याचा की नत्राचा हे खाली उतरून पान उलटल्यावरच कळतं. आणि ड्रोन कमी पाण्यात बारीक थेंब उडवतो, पानाच्या खालच्या बाजूला किंवा झाडाच्या आतल्या भागात लपलेल्या किडीपर्यंत ते पोचतीलच असं नाही. फवारणी सोपी झाली की लोक जास्त वेळा फवारतात, ही भीती मला सगळ्यात जास्त आहे. यंत्राने मोजणी सोपी झाली तर ते आयपीएम, नुसती फवारणी सोपी झाली तर जुनंच काम नव्या पंपाने.

7. फोटो काढून अ‍ॅपने जे औषध सुचवलं ते मारू का?

अ‍ॅपला ओळखीसाठी वापरा, निर्णयासाठी नको. फुलकिड्यांनी खरवडलेलं पान, कोळी किडीने (जाळं विणून कीटक खाणारा कोळी नव्हे, पान शोषणारी बारीक कीड) पिवळं केलेलं पान आणि अन्नद्रव्याची कमतरता फोटोत सारखी दिसू शकते. निदान पाच-सहा झाडांचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि जमलं तर प्रत्यक्ष किडीचा जवळून फोटो काढा. आणि अ‍ॅप कीड ओळखून थेट औषधाच्या डब्यावर उडी मारत असेल, संख्या किती हे विचारतच नसेल, तर ते तुमच्या कामाचं नाही.

8. आरएनएची फवारणी आलीय म्हणे, ती काय भानगड आहे? जीएम आहे का?

झाडाचा जीन बदलत नाहीत, म्हणून तसं जीएम नाही. दुहेरी धाग्याचा आरएनए बनवून पानावर फवारतात. ठराविक कीड पान खाते, तिच्या शरीरात त्या आरएनएमुळे एक गरजेचा जीन बंद पडतो आणि ती मरते. धागा त्या किडीच्या जीनशी जुळवून बनवलेला असल्यामुळे बाकीच्यांना त्रास कमी. कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी लेड्प्रोना नावाच्या अशा औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. भुंगेऱ्यांवर हे छान चालतं, पतंगवर्गातल्या अळ्यांवर मात्र अवघड जातं कारण त्यांच्या पोटात आरएनए लवकर तुटतो, आणि आपल्या बऱ्याच मोठ्या किडी याच वर्गातल्या आहेत. दुसरं, लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या निवड करून या आरएनएला दाद न देणारे कोलोरॅडो भुंगेरे तयार झालेत. म्हणजे 4 नंबरचा नियम इथंही लागू, हे एकटंच मारत सुटलात तर हेही जाईल.

9. बीटी बियाणं लावलंय, मग आयपीएम कशाला?

गुलाबी बोंडअळीने या प्रश्नाचं उत्तर दोन देशांत दोन प्रकारे दिलंय. अमेरिकेत बीटी कापसासोबत (5 मधल्या बीटी जिवाणूचं अळी मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारा कापूस) नापिक केलेले पतंग सोडले, कामगंध वापरला, पीक निघालं की पऱ्हाट्या मोडून जमिनीत गाडल्या आणि हे सगळं सगळ्यांनी एकाच वेळी केलं. 2018 मध्ये तिथल्या व्यावसायिक कापूस पट्ट्यातून कीड संपल्याचं जाहीर झालं. भारतात तेच बीटी तंत्र बहुतांश एकटंच वापरलं गेलं, साध्या कापसाच्या आश्रय ओळी फारशा कोणी लावल्या नाहीत, पीक महिनोन्महिने शेतात उभं राहिलं, आणि अळीने बीटीच्या दोन्ही प्रथिनांना प्रतिकार मिळवला.

आश्रय ओळींचं कारण बरेच जण विचारतात. त्या ओळींत बीटीला बळी पडणारे पतंग जिवंत राहतात आणि प्रतिकारक पतंगांशी जुळतात, त्यामुळे प्रतिकार पुढच्या पिढीत विरळ होतो. ती जागा वाया जात नाही, तो बियाण्याचा विमा आहे. रसशोषक किडींवर बीटीचा परिणाम होत नाही, हे वेगळंच.

10. मित्रकीटक सोडले, कार्ड लावले, काहीच झालं नाही. हे सगळं कागदावरच आहे का?

कागदावर नाही. 1888-89 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा पांढऱ्या खवले किडीने बसल्या होत्या, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने त्या वाचवल्या. आफ्रिकेत कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण 1970 च्या दशकात पसरला, 1981 मध्ये पॅराग्वेत त्याची परोपजीवी माशी सापडली, ती आणून सोडली आणि कोट्यवधी लोकांचं मुख्य अन्न वाचलं. हे काम उभं करणाऱ्या हान्स हेरेन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मग तुमच्याकडे का नाही झालं? मला एकाने ट्रायकोकार्डचा, म्हणजे ट्रायकोग्रामाची अंडी चिकटवलेल्या कार्डाचा, फोटो पाठवला होता. कार्ड पानाच्या वरच्या बाजूला, भर उन्हात, स्टेपलर मारून लावलेलं, आणि त्यावर मुंग्यांची रांग. त्या मुंग्यांनी बहुतेक सगळी अंडी उचलून नेली असणार. कार्ड पानाच्या खाली, सावलीत, संध्याकाळी लावायचं. त्याहून मोठी चूक वेळेची. ट्रायकोग्रामा पतंगाच्या अंड्यात अंडं घालतो, अळीला तो काही करत नाही, म्हणून अळ्या दिसल्यावर सोडणं म्हणजे पीक कापल्यावर राखण ठेवणं. सापळ्यात पतंग यायला लागले की लगेच सोडा आणि थोड्या थोड्या दिवसांनी परत सोडा. आणि आधीच्या आठवड्यात काय फवारलं होतं ते तपासा, काही औषधांचा अंश पानावर आठवडेच्या आठवडे राहतो.

बंदिस्त शेतीत याचं भविष्य सगळ्यात उजळ आहे. स्पेनच्या अल्मेरियात 2006 च्या शेवटी मिरचीत बेकायदा औषधाचा अंश सापडला, माल परत यायला लागला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथली बहुतांश मिरची मित्रकीटकांवर गेली. पांढरी माशी आणि फुलकिडे खाणारा स्विर्स्की नावाचा भक्षक कोळी त्यात मुख्य होता. मोकळ्या शेतात मित्रकीटक उडून जातो, म्हणून तिथं सोडण्यापेक्षा असलेले टिकवणं, बांधावर फुलं ठेवणं जास्त फायद्याचं.

परदेशातून आणलेला मित्र उद्या शत्रू झाला तर, हेही काही जण विचारतात. झालंय. 1935 मध्ये उसाच्या भुंगेऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात आणलेल्या केन टोडने भुंगेरे आटोक्यात आणले नाहीत, उलट स्थानिक प्राण्यांना विषारी ठरला. तो दिसेल ते खाणारा होता. आता एकाच किडीवर जगणारा कीटक निवडतात आणि आधी क्वारंटाईनमध्ये तपासतात.

11. नापिक पतंग सोडणं आणि जीन ड्राइव्ह एकच का?

नाही. नापिक पतंगाच्या पद्धतीत कीटकांवर किरणांचा मारा करून त्यांना नापिक करतात आणि भरपूर संख्येने सोडतात, मादी त्यांच्याशी जुळली तर अंडी फुटत नाहीत. सोडणं थांबवलं की परिणामही थांबतो. 1954 मध्ये क्युरासाओ बेटावर जनावरांच्या स्क्रूवर्म माशीवर हे यशस्वी झालं. जीन ड्राइव्ह म्हणजे कीटकाच्या जीनमध्येच केलेला बदल, तो मात्र स्वतःहून पिढ्यान्पिढ्या पसरत जातो, देशाची सीमा ओळखत नाही आणि परत बोलावता येत नाही. शेतीतल्या किडींसाठी ते मोकळ्या शेतात वापरलं जात नाही, आणि घाई न केलेलीच बरी असं मला वाटतं.

12. हवामान बदलल्याने किडी वाढणार की कमी होणार?

भागावर अवलंबून. थंड प्रदेशात हिवाळा सौम्य झाला की कीड जगते आणि वर्षाला एखादी पिढी जास्त होते, फार उष्ण भागात काही किडींना तो उष्मा सहन होणार नाही. गहू, भात, मका धरून 2018 मध्ये झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की जगाचं तापमान दर एक अंश सेल्सिअसने वाढलं की किडींमुळे होणारं नुकसान 10 ते 25 टक्क्यांनी वाढेल.

दुसरा धोका नव्या किडींचा. अमेरिकन लष्करी अळी 2016 मध्ये आफ्रिकेत, 2018 मध्ये भारतात, 2019 मध्ये चीनमध्ये आणि 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात पोचली. एवढ्या वेगात ना थ्रेशोल्ड तयार असतो ना मित्रकीटक. मग लोक घाबरून हाताला येईल ते मारतात आणि 3 नंबरचा खेळ सुरू होतो.

13. सरकारने बंदी घातली की आयपीएम आपोआप येईल ना? आणि आमच्याकडे यंत्रं नाहीत, मग काय?

नुसत्या बंदीने येत नाही. युरोपियन युनियनमध्ये 1 जानेवारी 2014 पासून आयपीएमची तत्त्वं पाळणं सगळ्या व्यावसायिक शेतकऱ्यांना बंधनकारक आहे, पण शेतात कोण मोजतंय हे कागदावरून कळत नाही. औषधांचा वापर आणि धोका निम्मा करण्याचा त्यांचा पुढचा कायदा तर विरोधामुळे 2024 मध्ये मागे घेतला. जैवविविधतेच्या जागतिक करारात डिसेंबर 2022 मध्ये देशांनी 2030 पर्यंत कीटकनाशकांचा धोका निदान निम्मा करायचं मान्य केलंय, पण पर्याय, सल्लागार आणि सुरुवातीच्या वर्षांतली जोखीम कोण उचलणार हे ठरल्याशिवाय तो आकडा शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडतो आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

यंत्रं नसली तरी अडत नाही. केनियातली पुश-पुल पद्धत बघा. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम लावतात, त्याच्या वासाने खोडकिड्याचा पतंग दूर जातो, आणि शेताच्या कडेला नेपियर गवत, तिकडे तो ओढला जातो आणि तिथं त्याच्या अळ्या फारशा जगत नाहीत. वरून डेस्मोडियम स्ट्रायगा तण दाबतं आणि जनावरांना चारा होतो. यात बॅटरी लागणारी एकही वस्तू नाही.

14. थ्रेशोल्ड कधी पाळायचा नाही?

काही वेळा खरंच पाळायचा नाही. नवीन घुसलेली, क्वारंटाईन यादीतली कीड एक जरी दिसली तरी लगेच कळवायचं, संख्या मोजत बसायचं नाही. बियाण्याच्या किंवा निर्यातीच्या पिकात खरेदीदार एक डागही चालवत नाही, तिथं पातळी फार खाली येते.

सगळ्यात अवघड प्रकार विषाणू पसरवणाऱ्या किडींचा. इथं मूठभर पांढरी माशी किंवा मावाही शेत घालवू शकतो, म्हणून लोक म्हणतात थ्रेशोल्ड शून्य, मारा दर चार दिवसांनी. पण काही विषाणू मावा पानात सोंड खुपसल्यावर काही सेकंदांतच सोडतो. औषध त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं, उलट काही औषधांनी मावा अस्वस्थ होऊन जास्त झाडांवर फिरतो. अशा ठिकाणी फवारणी वाढवून फायदा नाही. प्रतिकारक वाण, जाळीतली रोपं, कडेला उंच पिकाच्या दोन-तीन ओळी, चंदेरी मल्चिंग, रोगट झाड दिसलं की उपटून शेताबाहेर नेणं, आणि आधीच्या पिकाची उरलेली झाडं नवीन लागवडीच्या आधी काढणं. हे शेवटचं काम शेजारच्या शेतातही त्याच आठवड्यात व्हायला हवं, नाहीतर पंखवाला मावा तिकडून दुसऱ्या दिवशी येतो.